पाच हजार वर्षांची शिंक

आमच्या प्रयोगशाळेत जुन्या हाडाला हात लावायचा तर आधी स्वतःच्या गालातून कापूस फिरवून नमुना द्यावा लागतो. आपल्याच थुंकीचा कण हाडावर पडला, तर यंत्राला काय कळतंय हाड कुणाचं नि थुंकी कुणाची? सगळ्यांचे नमुने नोंदलेले असले की चोर लगेच सापडतो. बावीस वर्षं हा नियम मी येईल त्याच्या डोक्यात हाणतेय. आणि स्वतःचा नमुना मात्र एकदाही दिला नाही. यादीत माझ्यापुढे 'घेतला' असं मीच लिहून टाकलंय. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

कारण माझी थोरली बहीण. मी चार वर्षांची असल्यापासून ताई सांगत आलीय, "तुला दवाखान्याच्या पायरीवरून उचलून आणलंय." सगळ्याच थोरल्या बहिणी हे सांगतात, ठाऊक आहे मला. पण ताई आईसारखी चालते, आईसारखी बोलते, चहासुद्धा आईसारखा नाक मुरडून पिते. माझं बसकं नाक घरात कुणाशीच जुळत नाही. पन्नाशी आली तरी तो काटा निघालेला नाही.

आणि आमचं कामही मेलं नेमकं तेच! आम्ही पेशीतला जो भाग तपासतो, तो फक्त आईकडून येतो. मुलग्यालाही मिळतो, पण पुढे नेते ती मुलगीच. या बाबतीत आमचे सर म्हणजे बंद गल्ली. तेच सर तीस वर्षं एका आईचा माग काढतायत: हजारो वर्षांपूर्वीची एक बाई, जिच्या लेकी-नाती दक्षिण आशियाभर पसरल्या. ती इथलीच की बाहेरून आलेली, यावर सर जेवतानाही भांडतात.

गेल्या वर्षी हाडांशी ताडून बघायला आजच्या लोकांचे नमुने गोळा केले, तेव्हा आई आणि ताईही देऊन गेल्या. त्यांच्या नळ्या तपासायची पाळी आली की मी त्या शीतकपाटात मागे सारायचे. ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. मी माझंही शोधत नव्हते.

मग उत्खननात मिळालेल्या एका हाडाचा निकाल आला. सर असे उठले की खुर्चीच आडवी झाली. "पाच हजार वर्षांचं हाड, आणि आईकडच्या वंशाची ही शाखा आजवर कुणालाच मिळालेली नाही! बाई, आपण जिंकलो!" त्यांनी चक्क सगळ्यांना चहा पाजला.

मी माझा पेला तसाच बाजूला सारला. हाड घासताना मी मास्क खाली ओढून शिंकले होते. एकदाच, पण केवढी ती शिंक!

दोन दिवस मूग गिळून बसले. सर लेख लिहायला लागले तेव्हा मात्र राहवेना. माझ्यापायी जगाला खोटी आजी मिळायची! सरांना सगळं सांगितलं, गालातून कापूस फिरवला, आणि होऊन जाऊ दे एकदाचं म्हणून आई आणि ताईच्या नळ्याही सोबत लावल्या. वर मूर्खासारखं ताईला फोन करून तेही सांगितलं.

निकाल आला तेव्हा सर माझ्या मागेच उभे होते. हाड आणि मी, अक्षरन् अक्षर सारखे.

"म्हणजे मी तुमची शिंक पाच हजार वर्षांची ठरवली?" सर मटकन बसले.

"चुकलंच माझं, सर." पण माझी नजर पुढच्या ओळीवर होती. आई. माझ्याशी तंतोतंत. मी भर प्रयोगशाळेत हमसून हमसून रडायला लागले, आणि सर ओरडले, "आधी हाडांपासून लांब व्हा!"

डोळे पुसले तेव्हा खालची ओळ दिसली. ताईची. ती आमच्याशी कुठेच जुळत नव्हती. मी पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. तेच.

पंचेचाळीस वर्षांचं उट्टं काढायला एक कागद पुरेसा होता. कसं सुनावायचं, ते वाक्यसुद्धा जुळवलं. खोटं कशाला सांगू, गुदगुल्या होत होत्या मला.

तेवढ्यात तिचाच फोन आला. "काय गं, लागला का निकाल? थांब हं... आई, आधी गोळी गिळ बघू. पाणी सांडू नकोस, मी धरते पेला." गेली बारा वर्षं आई तिच्याकडे आहे. न्हाऊ घालण्यापासून सगळं ताई करते. मी महिन्यातून एकदा जाते आणि चार उपदेश करून परत येते.

मी निकालाचा कागद घडी घालून खिशात टाकला.

"तिघींचं एकच आलं," मी म्हटलं.

"तुझंसुद्धा?"

"माझंसुद्धा."

"छ्या! मशीन बिघडलं असेल तुमचं."

जन्मात पहिल्यांदा मी तिला उलट बोलले नाही. "असेल गं ताई," म्हटलं, "जुनंच झालंय."