पहिल्या पानावरची चूक

मासिकाचं पहिलं पान कसं असतं, ते काय सांगायला पाहिजे? कुणाचा तरी हसरा फोटो, शुभेच्छा, आणि खाली मंत्र्यापासून सरपंचापर्यंत नावांची रांग. ‘त्रैराशिक’चं पहिलं पान असलं नव्हतं. तिथं एक जाड रेघांची चौकट असायची आणि वर लिहिलेलं असायचं, ‘आमची चूक’. मागच्या अंकात काय चुकलं, कुणाचं चुकलं आणि कुणी दाखवलं, हे सगळं नावागावासकट त्या चौकटीत. कळमनुरीतून निघणाऱ्या गणिताच्या या त्रैमासिकाला मुंजाजी खिल्लारे सरांनी पहिल्यापासून ही शिस्त लावली होती, आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, सगळा कारभार परभणीला. सर शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर स्वतः अंक काढायचे आणि शाईचे काळे हात घेऊन तसेच वर्गात जायचे. अंक कुणासाठी, तर पोरांसाठी आणि त्यांच्या मास्तरांसाठी. मास्तरांसाठी जरा जास्तच म्हणा. खेड्यातल्या शाळेत माणूस भरती व्हायचा मराठीचा नाहीतर भूगोलाचा, आणि हेडमास्तर त्याच्या गळ्यात गणित बांधून मोकळे व्हायचे. असा बिचारा ‘त्रैराशिक’ उशाला घेऊन झोपायचा आणि सकाळी त्याच्याच जोरावर फळ्यापुढं उभा राहायचा. हट्ट्यापासून कनेरगाव नाक्यापर्यंत अशी कितीतरी माणसं या अंकानं तारून नेली. पण लेख लिहायची वेळ आली की भलेभले मागं सरायचे, कारण चुकलं तर पहिल्या पानावर नाव. एक नामांकित हेडमास्तर तर रागानं लाल होऊन सरांच्या दारात आले होते. सरांनी त्यांना चहा पाजला आणि पुढचा लेख मागितला. कुणी त्या चौकटीवरून टोकलं की सरांचं उत्तर ठरलेलं असायचं, “ज्या अंकात चूक सापडली न्हाई, तो कुणी वाचलाच न्हाई म्हणून समजा.”

आकांक्षा पाईकराव या चौकटीतूनच वर आली होती. नववीत असताना तिला खुद्द सरांच्या एका उत्तरात चूक दिसली. शाळेतल्या मास्तरांनी तिला झाडलं, खिल्लारे सरांच्या चुका काढतेस, आधी स्वतःचं अक्षर सुधार म्हणाले. पोरगी जिद्दीची, तिनं कार्ड टाकलं. आठवडा झाला नसेल, सर सायकल हाणत तिच्या वस्तीवर हजर. बाप कामाला गेलेला, आई घाबरली, पोरीनं काय घोळ घातला म्हणून. सर ओट्यावर टेकले, पाणी प्याले आणि एवढंच म्हणाले, “नाव सांग. पूर्ण सांग, गावासकट.” पुढच्या अंकात ते नाव छापून आलं. वस्तीतल्या माणसांनी ते पान विहाराच्या भिंतीला चिकटवलं, आणि या पोरीला शिकवायचं, हे बापानं त्याच दिवशी ठरवलं. पुढं ती गणिताची शिक्षिका झाली, आणि सरांची नजर कमी पडायला लागल्यावर अंकाचं सगळं काम तिच्याच अंगावर आलं.

पण आता अंकाचे दिवस भरत आले होते. पोरांना मोबाइलवर गणित सुटलेलंच मिळतं, नुसता फोटो काढायचा की उत्तर हजर. शाळांमध्ये अंक जायचा आणि गठ्ठ्याचा दोरा न सोडता कपाटात पडायचा. मागच्या दोन अंकांवर एकाही वाचकाचा शब्द आला नव्हता, ना चूक दाखवणारा ना शिव्या देणारा. सर अंथरुणाला खिळलेले. दम लागायचा, चार शब्द बोलले की थांबावं लागायचं. पुण्याहून मुलगा प्रज्ञेश आला आणि त्यानं वडिलांना हळूच समजावलं, की चांगला अंक काढू आणि मानानं थांबू. सर हो म्हणाले. कुणाला वाटलं नव्हतं इतक्या लवकर म्हणाले. शेवटच्या अंकासाठी त्यांनी उशीला टेकून, थांबत थांबत एक लेख लिहिला.

आकांक्षा लेख वाचायला बसली. लेख झकास होता, भाषा तर सरांचीच. पण शेवटी एक उदाहरण होतं. अशा सगळ्या संख्या शोधा, ज्यांचा घन हा त्यांच्या वर्गाची दुप्पट आणि त्यांची स्वतःची तिप्पट यांच्या बेरजेइतका असतो. सरांनी दोन्ही बाजूंना त्या संख्येनं भागून टाकलं होतं, दोन उत्तरं काढली होती, तीन आणि उणे एक, आणि खाली ठासून लिहिलं होतं, ‘अशा दोनच संख्या आहेत.’ अहो, तिसरं उत्तर, शून्य, ते कुठं गेलं? ती संख्या शून्य असली तर तिनं भागताच येत नाही. आणि ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी बजावलं, की शून्याला विचारल्याशिवाय भागाकाराला हात लावायचा नाही, त्याच माणसाकडून शून्य सुटलं होतं. आकांक्षाला रडूच आलं. सर थकलेत हे तिला दिसत होतंच, पण कागदावर ते आज पहिल्यांदा दिसलं.

आता करायचं काय? शेवटचा अंक. चूक तशीच छापली, तर ती कबूल करायला पुढचा अंक नाही. सरांना सांगावं, तर मरणाच्या दारातल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं मुकाट्यानं भागाकाराची ओळ बदलली, ‘दोन’चं ‘तीन’ केलं, शून्य जागेवर बसवलं आणि पहिल्या पानावरच्या चौकटीत लिहिलं, ‘या वेळी चूक आढळली नाही.’ आपण पुण्याचं काम केलं, असंच तिला वाटत होतं.

छापायला देण्याआधी अंकाची प्रत सरांना दाखवायची, हा नेम होता. सकाळी ती गेली तेव्हा जनकाबाई, सरांच्या पत्नी, त्यांना पेज भरवत होत्या. सरांनी वाटी बाजूला सारली आणि भिंग मागितलं. पहिल्या पानावर बराच वेळ ते भिंग फिरवत राहिले.

“चौकट रिकामी काहून?”

कुणाला चूक सापडली नाही, असं ती पुटपुटली. सरांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला. आपण त्यांना काय सांगून बसलो, हे तिला तेव्हा कुठं कळलं. तुम्ही एवढं आयुष्य घातलं पण वाचणारं कुणी उरलं नाही, हेच तर तिनं चौकटीत लिहिलं होतं. सर पानं उलटत स्वतःच्या लेखावर आले. भिंग ओळीओळीनं सरकत खाली आलं आणि थांबलं.

“हे शून्य माझं न्हाई.”

खोटं बोलायची सोयच नव्हती. आकांक्षानं सगळं सांगितलं. तुमच्याकडून राहिलं होतं, मी घातलं, शेवटच्या अंकात तुमच्या नावाला बट्टा नको वाटला. जनकाबाईंचा वाटीतला चमचा थांबला. सर चिडतील असं तिला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी दम खाल्ला आणि विचारलं, “तू नववीत व्हतीस, तवा मी माझी चूक गपचीप सुधारून टाकली असती तर?”

जे झालं असतं ते तिला लख्ख दिसत होतं. ती कुणाच्या तरी रानात सोयाबीन काढायला गेली असती.

मग सर थांबत थांबत बोलले आणि तिनं कान देऊन ऐकलं. शून्य काढ. माझी चूक माझ्या नावानं जशीच्या तशी छाप आणि कुणापाशी चकार शब्द काढू नको. पोरं चुकीचं शिकतील, असं ती काकुळतीनं म्हणाली, तर सर म्हणाले, ज्याला सापडेल तो जन्मात विसरणार नाही. आणि नाहीच कुणाला सापडली, तर वर्षाअखेर एक पान छाप, चूक सांग आणि दुकान बंद कर. वाचणारं कुणी नाही हे तेव्हा कळेल, मग वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

“आन् सापडली तर?” तिनं विचारलं.

“तर अंक बंद करायचा न्हाई. चूक कबूल करायला पुढचा अंक लागतोय.”

अंक निघाला. तेव्हापासून आकांक्षाच्या जिवाला घोर लागला. फोन वाजला की ती धावायची. वाचक नव्हे, कुणीतरी बदलीबद्दल विचारत असायचं. शिक्षकांच्या बैठकीत लोक तिला भेटले, शेवटचा अंक संग्रही ठेवण्याजोगा आहे म्हणाले. लेख वाचला का, असं विचारलं की म्हणायचे, सरांचं लिखाण, त्यात बोलायचं काय. ती दात ओठ खाऊन गप्प बसायची. सरांकडं जायची तेव्हा ते काही विचारत नसत, नुसते तिच्या तोंडाकडं बघत, आणि ती खाली बघायची. जनकाबाईही बघत. त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण घरात काय चाललंय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दिवाळी सरली, थंडी पडली, आणि एका पहाटे सर गेले. कुणाचाही शब्द आला नव्हता.

पुण्यानुमोदनाला घरापुढं मांडव घातला होता. त्रिसरण-पंचशील झालं, सरांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या, पांढऱ्या कपड्यातली माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. एक अधिकारी म्हणाले, सरांचा शेवटचा लेख म्हणजे निर्दोष गणिताचा नमुना आहे. दुसऱ्यानं तोच धागा धरला. तिसऱ्यानं तर तो लेख पाठ्यपुस्तकात घ्या, अशी मागणीच केली. आकांक्षा मागं बायकांमध्ये बसली होती आणि तिला एकेकाला उठून विचारावंसं वाटत होतं, की बाबा रे, पान तरी उघडलंस का. पण ते वेळेला शोभलं नसतं. दुकान बंद, एवढंच तिच्या मनात फिरत होतं, आणि ते एक पान छापायला आपला हात कसा धजेल, हे तिला कळत नव्हतं.

अजून कुणाला दोन शब्द बोलायचेत का, असं विचारलं गेलं. मांडवाच्या कडेला एक माणूस उभा राहिला आणि त्यानं आपल्या मुलीला पुढं केलं. कनेरगाव नाक्याच्या बाजूच्या तांड्यावरचा जगन राठोड. शाळेच्या कपड्यातली ती मुलगी दहावीतली असावी. तिच्या हातात ‘त्रैराशिक’चा अंक होता, घडी घालून घालून मऊ पडलेला.

“सरांच्या लेखात चूक आहे,” ती म्हणाली.

मांडवात एकदम कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं, ही काय वेळ आहे का. पुढचे अधिकारी मागं वळून त्या बापाकडं बघायला लागले, आणि जगननं पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागं ओढलं. आकांक्षा उठली खरी, पण ती तोंड उघडायच्या आत आवाज आला.

बोलल्या त्या जनकाबाई. फोटोशेजारी बसल्या होत्या तिथूनच बोलल्या, आणि बारा गावच्या माणसांनी ऐकलं.

“बोलू द्या लेकराला. ते ह्याचीच वाट पाहून राहिले व्हते.”

पोरगी आधी अडखळली, मग बोलायला लागली. सरांनी दोन्हीकडून भागलं, पण ती संख्या शून्य असली तर भागता येत नाही, म्हणून शून्य पण उत्तर आहे आणि उत्तरं तीन आहेत. शाळेतल्या सरांना दाखवलं, तर ते म्हणाले खिल्लारे सरांचं चुकणार नाही, तूच पुन्हा कर. तिनं पुन्हा पुन्हा केलं, दर वेळी तीनच आली. मग सर गेल्याचं कळलं आणि आता हे सांगायचं कुणाला म्हणून ती बापाच्या मागं लागून इथवर आली. सरांचा अपमान करायला आले नाही, असं म्हणताना तिचे डोळे भरले.

ते अधिकारी शेजाऱ्याकडून अंक मागून घेऊन ते पान शोधत होते. आकांक्षा बायकांमधून वाट काढत त्या पोरीपाशी गेली. सरांनी फक्त अजून थोडं थांबायला हवं होतं, एवढं एकच तिला वाटत होतं, आणि ती तिथंच सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. पोरगी घाबरून बापाला बिलगली. मग आकांक्षानं पदरानं तोंड पुसलं आणि पर्समधून पेन काढलं.

“नाव सांग,” ती म्हणाली. “पूर्ण सांग, गावासकट.”

“पूजा जगन राठोड.” पोरीनं बापाकडं बघितलं. “गाव न्हाई, तांडा आहे. चालतंय का?”

“चालतंय.”

पुढचा अंक त्याच आठवड्यात जुळवायला घेतला. आकांक्षानं सगळ्यात आधी पहिल्या पानाची चौकट आखली. चूक दाखवणारी म्हणून पूजाचं नाव, तांड्यासकट. वर, चूक कुणाची त्या जागी, मुंजाजी खिल्लारे, कळमनुरी. छपाईवाल्यानं फोन करून विचारलं, ताई, सर आता नाहीत, तर नावाआधी ‘कालकथित’ लावायचं राहून गेलंय, घालू का?

नको, ती म्हणाली, तसंच राहू द्या.