दोन मुठींची करवत

शिंप्याचा आणि त्याच्या साडूचा अबोला सुरू झाला तो एका कोटावरून. साडूच्या मुलीच्या लग्नात फोटोसाठी हात वर करताच शिंप्याने शिवलेला कोट काखेत उसवला. साडू म्हणाला, शिवण कच्ची. शिंपी म्हणाला, माप दिल्यावर माणसाने जेवण आवरावं. तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना, ती नऊ वर्षं तशीच.

त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. डोंगर चढायची टूम त्यांचीच. चौघं निघाली, पण अर्ध्या वाटेत धाकटीचा गुडघा धरला. थोरली तिला घेऊन उतरली आणि जाताना या दोघांना म्हणाली, तुम्ही जरा पुढे जाऊन या. जरा म्हणजे किती, हे ठरवायला कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. परत फिरू या, हे आधी कोण म्हणणार? म्हणून दोघे चढत राहिले. धुकं दाटून गारा पडू लागल्या तेव्हा ते पार वरच्या निवाऱ्यापाशी पोचले होते. आता उतरायची सोय नव्हती. फोनही मुके झाले होते.

निवाऱ्यात राखणदार नव्हता. फळ्यांचे बिछाने, ब्लँकेटं, लोखंडी शेगडी, आणि भिंतीवर पाटी: जाळाल तेवढं लाकूड कापून ठेवा. आधीच्या मंडळींनी पाटीकडे पाठ करून शेक घेतला असावा. कोपऱ्यात फक्त भुसा होता. पडवीत ओंडके होते आणि दोन्ही टोकांना मूठ असलेली लांबलचक करवत.

शिंप्याने ती एकट्याने चालवून पाहिली. करवत वाकली आणि अडकली. साडू दारात उभा राहून बघत होता. तो मोटार चालवायला शिकवायचा. शेजारच्याला सूचना न देता इतका वेळ राहण्याचा त्याचा हा पहिलाच प्रसंग. अखेर थंडीने दात वाजायला लागले, तसा तो पुढे आला आणि त्याने दुसरी मूठ धरली.

"ढकलू नका," तो म्हणाला. "नुसतं ओढा."

"ओढतोच आहे."

बांध फुटला. कोट निघाला, जेवण निघालं, फोटोग्राफरचाही उद्धार झाला. ओढताना एक बोलायचा, सोडताना दुसरा. भांडणात कुणी मागे हटेना, त्यामुळे करवतही थांबेना. पडवी लाकडांनी भरली तरी शिवण कच्ची की माणूस जाड, याचा निकाल लागला नाही.

शेगडी पेटल्यावर दोघे हात शेकत बसले. नऊ वर्षांत काय काय झालं ते सांगायचं राहिलंच होतं. साडूच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं.

शिंप्याने शेगडीत आणखी एक लाकूड सरकवलं. मग म्हणाला, "दवाखान्यात आलो होतो मी. खालूनच परत गेलो."

"ठाऊक आहे. खिडकीतून दिसलास."

"मग हाक का नाही मारलीस?"

"छातीला टाके होते. आणि तुझ्यावर रागही होता."

शिंप्याला हे पटलं. त्याने उठून आपलं जादा ब्लँकेट साडूच्या पायांवर टाकलं आणि झोपताना सांगितलं, घोरू नकोस. साडू घोरला.

सकाळी आकाश निवळलं. पायथ्याशी दोघी बहिणी जागरणाने लाल डोळे घेऊन उभ्या होत्या. नवरे दिसायच्या आधी त्यांचे आवाज कानावर आले, चांगलेच चढलेले. धाकटी म्हणाली, "अगं, भांडतायत."

थोरलीने पदराने डोळे पुसले. "भांडू देत," ती म्हणाली, आणि चहा सांगायला गेली.