ओट्याचा शेवटचा कोट

शेखर, माझा नवरा, अंबडच्या एका कारखान्यात पेंट शॉपला आहे. गाड्यांची दारं आणि बॉनेटं रंगून आली की त्यांच्यावर ट्यूबलाइटचा उजेड पाडायचा, कुठे ओघळ आलाय, कुठे फुगा धरलाय, कुठे धुळीचा कण बसलाय ते शोधायचं आणि त्याभोवती खडूने गोल करायचा, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं हेच बघून माणसाचा स्वभावही तसाच होतो. घरात काहीही बिनसलं की बिघाड वरच्या थरात आहे असं त्याला वाटतं. मानपानावरून माझा भाऊ रुसला, तेव्हा हा त्याच्याकडे पेढे घेऊन गेला आणि घरी येऊन म्हणाला, "प्रायमर मारून आलोय. बघू धरतो का."

धरला नाही, पण ते असो.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली. सासरे गेल्यावर शेखरने आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सायखेड्याहून आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर आणलं होतं. हट्टाने आणलं. गावाकडे शेखरचे थोरले भाऊ होते, शेती होती, त्यांचं तिथे काही अडत नव्हतं. पण शेखरचं म्हणणं, आई जन्मभर राबली, आता तिने बसून खायचं. त्याप्रमाणे आत्याबाई बसून खात होत्या. सोफ्याच्या कडेला, पाठ न टेकता, पायाशी चपला असल्यासारख्या बसायच्या. शेजारी कोणी विचारलं तर सांगायच्या, "लेकाच्या घरी हाय मी." अशी चार वर्षं गेली.

आणि एके संध्याकाळी चहाची बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आखिती झाली का मी सायखेड्याला जाते. आता तिकडंच ऱ्हाईन."

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली होती. शेखर चमकला. "का? काय कमी आहे इथं?"

"कमी काय नाय रे."

"मग?"

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. कारण सांगायची त्यांना सवय नव्हती. शेवटी स्वयंपाकघराकडे हात करून म्हणाल्या, "त्या काळ्या दगडापाशी उभं ऱ्हायलं का मला काय सुचतच नाय."

यातलं 'काळ्या दगडापाशी' एवढंच शेखरने ऐकलं. 'उभं ऱ्हायलं का' हे त्याच्या कानावरून गेलं. माझ्याही गेलं, पण मी काही लगेच ब्रश घेऊन धावले नाही.

त्यांनी जावं असं मला वाटत नव्हतं. सासूवर जीव टाकणारी सून वगैरे मी नाही. मी ऑफिसला गेल्यावर आमच्या मुलीला, निकिताला, शाळेतून आल्यावर दार उघडणारं कोणीतरी लागतं, हे एक कारण. दुसरं असं की त्या रुसून जात नव्हत्या. रुसलेल्या माणसाची समजूत घालता येते. या शांतपणे, आपलं येणं झालं, आता जाणं, अशा निघाल्या होत्या. चार वर्षं आमच्यात राहून एखादी बाई इतक्या सहज उठते, याचं मला फार वाईट वाटलं.

शेखरने मात्र दुसऱ्याच दिवशी ओट्याची पाहणी केली. आमचा ओटा साध्या कडाप्पाचा. लिंबाने आणि चिंचेने ठिकठिकाणी खाल्लेला, गॅसखाली राखाडी पडलेला, कडेला टवका उडालेला. शेखरने ट्यूब लावली, वाकून बघितलं आणि खरंच खडूने गोल केले. इतके गोल झाले की ओट्यावर रांगोळी काढल्यासारखं दिसायला लागलं.

"ग्रॅनाइट बसवायचं म्हणजे तोडफोड, धूळ, महिनाभर घाण," तो म्हणाला. "मीच करतो. गाडीसारखा करतो. आईला असा पांढराशुभ्र, लख्ख ओटा देतो की तिचा पाय निघायचा नाही."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं मी मनात म्हटलं. आमच्याकडे सोमेश्वर जवळच आहे, त्यामुळे ही म्हण शेखरला पुष्कळदा ऐकवून झाली होती. त्या दिवशी नाही ऐकवली. आईसाठी काहीतरी करायला निघालेल्या माणसाला किती टोचायचं?

काम मात्र त्याने देखणं केलं, हे मान्य करायला हवं. आधी सोड्याच्या पाण्याने ओटा घासून तेलाचा अंश काढला. मग पॉलिश पेपरने घासला, खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरले, परत घासला. प्रायमर मारला. शहरातल्या द्वारका चौकातल्या एका गॅरेजमधून स्प्रे गन मागून आणली आणि सायीसारखा रंग दिला. ग्रॅनाइटसारखे ठिपके यावेत म्हणून जुना टूथब्रश तपकिरी रंगात बुडवून अंगठ्याने शिंतोडे उडवले. त्यातले थोडे फ्रिजवर आहेत, थोडे देवाच्या फोटोवर. सगळ्यात शेवटी क्लिअर कोट, म्हणजे चकाकीचा बिनरंगी थर. हार्डनर घालून केलेला, काचेसारखा, गाडीवर असतो तोच.

"कारखान्यात हा भट्टीत भाजतात," त्याने आम्हाला सांगितलं. "घरी भट्टी नाही, म्हणून याला हवेवर वाळू द्यायचा. आठ दिवस कोणी बोटसुद्धा लावायचं नाही."

"आणि आठ दिवस खायचं काय? क्लिअर कोट?" मी विचारलं.

मग रॉकेलचा स्टोव्ह निघाला. आत थिनरचा वास कोंडलेला, तिथे जाळ करायची सोय नव्हती. म्हणून मागच्या गॅलरीत, कपडे धुवायच्या मोरीच्या अलीकडे, स्टोव्ह जमिनीवर मांडला. मी पहिल्या दिवशी वाकून, उकिडवी बसून पोळ्या लाटल्या आणि कंबर धरून उठले. आत्याबाई दारातून बघत होत्या.

"उठ," त्या म्हणाल्या. "तुझं काम नाय ते."

त्यांनी देवघरापुढचा पाट आणला, एक मांडी घातली, एक गुडघा वर घेतला आणि परात पुढ्यात ओढली. त्यानंतर काय झालं ते मी सांगून पटायचं नाही. चार वर्षं आमच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडण्यापलीकडे हात न लावणारी ही बाई, बसल्या जागेवरून स्टोव्ह, परात, मीठ, पाणी, सगळं हाताच्या अंतरावर मांडून, एकापाठोपाठ एक भाकरी टाकायला लागली. पीठ मळताना, थापताना, भाकरी उलटताना त्यांना एकदाही उठावं लागलं नाही. तेव्हा मला ते वाक्य आठवलं. काळ्या दगडापाशी उभं ऱ्हायलं का. जन्मभर चुलीपुढे बसून रांधलेल्या बाईला आम्ही कमरेएवढ्या दगडापुढे उभं केलं होतं, आणि तिला सुचत नाही म्हणून सोफ्यावर बसवलं होतं.

पुढचे दिवस आम्ही जे जेवलो त्याला तोड नाही. भरली वांगी, शेंगोळे, कुळथाचं पिठलं. निकिता शाळेतून आली की दप्तरासकट गॅलरीत जायची. समोरच्या इमारतीत देवळा तालुक्यातल्या बयाबाई राहत. त्यांचीही बैठक दिवसभर गॅलरीतच. फोडणीचा वास गेला की पलीकडून त्यांच्या बोलीत हाक यायची, "आज काय शे वं बहिण?" आणि आज काय रांधलंय ते इकडून आत्याबाई मोठ्याने सांगायच्या. शेतात दोन बांधांवरून बोलतात तसं बोलणं चालायचं. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

आखितीचं नाव आठवडाभर कोणी काढलं नाही. मी मनातल्या मनात शेखरच्या क्लिअर कोटला विनवत होते, वाळू नकोस बाबा म्हणून.

मग लहानू आला. शेखरच्याच कारखान्यातला, ओटा बघायला आला होता. ओट्याची तारीफ केली, गॅलरीत डोकावला आणि चहा पिता पिता सहज बोलून गेला, "मावशींना गॅलरीत बसवलंय का?"

शेखरचा चेहरा पडला. आठ दिवस भरल्याबरोबर त्याने स्टोव्ह धुऊन, पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. मी म्हटलं, राहू दे की, त्यांना बरं वाटतं. तर माझ्यावरच चिडला. "लोक म्हणतील आईला बाहेर काढलं. एवढा ओटा कोणासाठी केला मी?"

ओटा दिसत मात्र अप्रतिम होता. त्यात ट्यूब दिसायची, मसाल्याचे डबे दिसायचे, वाकलं तर आपलं तोंड दिसायचं. शेखरने आईला हात धरून आणलं. आत्याबाईंनी त्यावरून हळूच पालथा हात फिरवला. त्यांना तो खरंच आवडला होता.

"लय गुळगुळीत केलास रे. नवंच घर झालं." मग उत्साहाने म्हणाल्या, "दूध उतू घालू. तुमी इथं राह्यला आले तवा मी नव्हते. आज घालू."

नव्या घरात चूल पेटली की पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, घर भरून वाहावं म्हणून, आणि ते उगवतीकडे वाहिलं तर शुभ, हे काय नव्याने सांगायचं. आम्ही राहायला आलो तेव्हा माझ्या आईने घातलं होतं. सासरे तेव्हा आजारी होते, आत्याबाई येऊ शकल्या नव्हत्या.

पण शेखर ओट्यापुढे आडवा उभा राहिला. "उतू? यावर? नाही हं आई! अजून आतून कच्चा आहे. उकळतं दूध पडलं तर पांढरा पडेल, फुगेल. महिनाभर तरी गरम भांडं ठेवायचं नाही. लिंबू नाही, हळद नाही. जरा जपूनच."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या, आणि हात पदराखाली घेतला.

त्या रात्री आम्ही माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या. सकाळी उठले तर आत्याबाईंचं नऊवारी लुगडं नेसून झालं होतं आणि सोफ्याशेजारी पिशवी भरून ठेवलेली होती. आखितीला अजून अवकाश होता.

"आज जाते," त्या म्हणाल्या. "ऊन व्हायच्या आत बस गाठते."

मी शेखरला उठवलं आणि मग मात्र गप्प बसले नाही. म्हटलं, "तू आईसाठी ओटा केलास आणि ओट्यालाच आईपासून जपत बसलास. आता पूस रोज फडक्याने." तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. तोंड धुतलं, युनिफॉर्म चढवला आणि स्वयंपाकघरात गेला.

मला वाटलं, चहा ठेवतोय. मागोमाग गेले तर त्याने मोठं पातेलं गॅसवर ठेवलं होतं, दूध अगदी काठापर्यंत, आणि आच मोठी. तो पातेल्याकडे बघत नव्हता, ओट्याकडे बघत होता. दुधाला साय धरली, कडेने बुडबुडे आले, साय वर सरकायला लागली.

"शेखर, दूध," मी म्हटलं.

त्याचा हात बटणापर्यंत गेला. सवयीने गेला. आणि तिथेच थांबला.

"आरं दूध चाललं! बंद कर!" बाहेरून आत्याबाई ओरडल्या. वासावरून त्यांना दोन खोल्यांपलीकडूनही कळतं.

शेखरने बंद केलं नाही. दूध काठावरून फसफसत खाली आलं, बर्नरवर चरचरलं, शेगडीखालून ओट्यावर पसरलं. जिथे ते आधी पोचलं तिथली चकाकी आमच्या डोळ्यांदेखत गेली. पांढुरकी झाक आली, आणि मधोमध पापडासारखा एक फुगा उठला. कारखान्यात त्याने लगेच गोल करून गाडी परत पाठवली असती. तो नुसता बघत राहिला, आणि मग त्याने गॅस बंद केला.

आत्याबाई पिशवी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पातेलं बघितलं, ओटा बघितला, लेकाचं तोंड बघितलं.

"कोनीकडं गेलं?" त्यांनी विचारलं.

"खिडकीकडे," शेखर म्हणाला.

"म्हंजी उगवतीला. बरं झालं." त्यांनी पिशवी भिंतीशी ठेवली. "माझा इष्टो काढ माळ्यावरनं."

शेखर युनिफॉर्ममध्येच स्टुलावर चढला आणि त्याने स्टोव्हचं पोतं खाली काढलं. त्याची कंपनीची बस त्या दिवशी चुकली. मी परात, पीठ आणि पाट गॅलरीत नेऊन ठेवला. पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा समोरच्या गॅलरीत बयाबाई केस विंचरत उभ्या होत्या.

"आज सकाळीच वं? काय शे?"

"आमच्या घरचं दूध उतू घातलं आज," आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या. "भाकर खायला या."