टर्कीची पिसं

"चाकांचं धनुष्य म्हणजे यंत्र, लेका! रिकर्व्ह घे, साधं लाकडी, बिनचाकाचं. हरणाच्या जवळ जाऊन मारायची धमक हवी," असं माझा मेहुणा ऑर्विल वर्षभर माझ्या कानीकपाळी ओरडला. शेवटी मी माझं चाकांचं कंपाउंड धनुष्य गावातल्या दुकानात विकून टाकलं. दोघांनी मिळून नव्या बाणांना टर्कीची पिसं चिकटवली. ओढ्याकाठचा हरणाचा मोठा नर मी महिनाभर हेरला होता, तोही या दीडशहाण्याला दाखवला.

आज सकाळी त्याचा फोन आला. "पाडला रे! अगदी हातभर अंतरावरून, रिकर्व्हनं! ओढायला ये."

गेलो. हरणापलीकडे बर्फात त्याचा बाण पडला होता. त्याच्या शेपटाला पिसांऐवजी प्लास्टिकची पाती होती. असला बाण आमच्या साध्या रिकर्व्हवर चालत नाही. पाती धनुष्याच्या लाकडाला घासून तो भरकटतो.

"पिसं कुठायत?"

"ओली झाली होती," तो हरणाकडे बघत म्हणाला.

मी त्याच्या पिकअपवरची ताडपत्री खस्सकन ओढली. खाली चाकांचं कंपाउंड धनुष्य होतं. मुठीवर माझ्या लेकीनं गुंडाळलेली गुलाबी पट्टी अजून तशीच होती.

"दुकानात नुसतं पडून होतं," ऑर्विल पुटपुटला. "चल, तू पाय धर. शिंगं मी धरतो."