मामांच्या गाडीचे नवे लाइट

ज्या माणसाने जुन्या चपलेचा अंगठा दोनदा शिवून झाल्याशिवाय कधी नवी चप्पल घेतली नाही, त्याने एका दुपारी जेवता जेवता जाहीर केलं, की आपल्या गाडीला स्पोर्ट मॉडेलचे लाइट बसवायचेत. माझ्या सासूबाई कडूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, भाकरी थापायच्या थांबल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आणि हे जाहीर करणारे माझे सासरे दिनकरराव, म्हणजे मामा, वरणात भाकरी कुस्करत राहिले.

मला एक वाईट खोड आहे. गोष्टीचं मूळ कळेपर्यंत चैन पडत नाही. स्पोर्ट मॉडेल म्हणजे आमच्याच गाडीचं पोरासोरांसाठी काढलेलं नटवं भावंड. काळ्या काचेचे, डोळे वटारल्यासारखे लाइट असतात त्याला. मामा गाडी चालवतात ती इतकी सावकाश, की मागचा ट्रॅक्टरवालासुद्धा वैतागून हॉर्न देतो. त्यांना हे थेर कशाला हवेत?

पहिला अंदाज डोळ्यांचा केला. मी सेलूला शिवणकामाचा क्लास घेते. नवरा योगीराज पुण्याला नोकरीला, त्यामुळे संध्याकाळी मला आणायचं काम मामांनी आपण होऊन अंगावर घेतलंय. हिवाळ्यात निघेपर्यंत अंधार पडतो. म्हाताऱ्या माणसाला दिसत नसेल आणि सांगायची लाज वाटत असेल, असं धरून मी त्यांना गोडीगुलाबीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मामांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, आणि वर तिच्याखालचं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. माझा अंदाज पार फसला. आत्याबाईंचं मत एका शब्दाचं होतं, म्हातारचळ, आणि दुसरं काही सापडेपर्यंत मलाही तेच धरून चालावं लागलं.

सेलूत बबलूचं गॅरेज आहे. त्याने परभणीच्या भंगारातून लाइटची जोडी आणली. ती ज्या गाडीची होती ती मागून ठोकलेली होती म्हणे, तोंड शाबूत. बबलूने आमच्या गाडीचा बंपर उतरवला, जुने लाइट काढले, नवे बसवून बघितले. खाचा जुळल्या पण वायरीचं टोक जुळेना, तेव्हा त्याने नवीन वायरिंग टाकलं. काम करताना त्याची मस्करी चालूच होती. इंजिन तेच, दारं तीच, नुसत्या लाइटावर गाडी पळायची नाही, असं तो मामांना पुन्हा पुन्हा ऐकवत होता. पळवायची कुणाला आहे, असं म्हणून मामांनी तो विषय मिटवला.

दिवेलागणीला त्याने बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर पांढरा लख्ख उजेड पडला. बबलू खूश झाला. उजेड असाच उंच ठेवू, समोरचा आपोआप बाजूला होईल, असं त्याचं म्हणणं. मामांनी ऐकलं नाही. उजेड खाली घ्यायला लावला, मग आणखी खाली. तरी समाधान होईना. शेवटी मला म्हणाले, "राजेश्री, ते स्टूल घे आन् रोडच्या कडंला जाऊन बस."

मी बसले. येणारेजाणारे बघत होते आणि मी वधूपरीक्षेला बसावं तशी रस्त्याच्या कडेला बसलेली. मामा लांबून गाडी घेऊन आले, काच खाली केली आणि उजेड डोळ्यात गेला का विचारलं. थोडा गेला म्हटलं, तर पुन्हा स्क्रू फिरवला, पुन्हा आले. बबलू कंटाळला. कुणासाठी चाललंय हे, असं त्याने विचारलं.

"बाजंवर बसलेल्या मानसाच्या डोळ्यात जायला नगं," मामा म्हणाले.

"काका, रोडला बाज टाकून कोन बसतंय?"

मामा पुन्हा स्क्रू फिरवायला वाकले. पण रोडला बाज टाकून बसणारा एकच माणूस मला माहीत होता.

मामांचे थोरले भाऊ भगवानराव. सेलूहून येताना आमच्या गावाच्या अलीकडे रस्त्यालगत त्यांचा आखाडा आहे. शेतातलं दोन खोल्यांचं घर, दारात लिंब, लिंबाखाली बाज. दोघांचं बिनसलं ते माझ्याच लग्नात. मांडवात मानाचा फेटा आधी थोरल्या चुलत्याला बांधायचा, तो गडबडीत कुणीतरी गावच्या पुढाऱ्याला बांधला. भगवानराव अक्षता न टाकता निघाले. मामा समजूत घालायला गेले आणि भांडून परत आले. पुन्हा तुझं तोंड बघणार नाही, असं थोरले सगळ्यांदेखत बोलले आणि शब्दाला जागले. आमच्या गाडीचा एक लाइट पिवळा होता, दुसरा फिका. पुलावर ती जोडी दिसली की ते बाजेवरून उठायचे, आत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. लग्न झाल्यापासून मी माझ्या चुलत सासऱ्यांची फक्त पाठ बघितली आहे. मला या दोघांचा भारी राग यायचा. एवढी पिकली डोकी, आणि भांडण कशावरून, तर डोक्यावरच्या कापडावरून.

दिवाळीनंतर भगवानरावांच्या छातीत दुखलं, परभणीला दवाखान्यात ठेवावं लागलं. मामा तिथवर गेले होते. दवाखान्यासमोर गाडीत बसून राहिले आणि तसेच परत आले, असं मला आत्याबाईंनी सांगितलं.

नवे लाइट लावून आम्ही त्या संध्याकाळी निघालो. पूल ओलांडला. मामांनी वेग कमी केला. समोर लिंब दिसला, बाज दिसली, आणि बाजेवर माणूस बसलेला होता. उठला नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून आमच्याकडे बघत होता. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने त्याच्यासमोरून गेली. माझे चुलत सासरे मी पहिल्यांदा समोरून बघितले. मामांचंच नाक, मामांचेच कान.

गावाच्या फाट्यावर मामांनी गाडी वळवली. मग म्हणाले, "दादा लय वाळलेत."

दादा हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. म्हातारचळ म्हणून हसले होते त्याची लाज वाटली.

मग रोजचंच झालं. पूल आला की वेग कमी, आखाडा गेला की बारीकसारीक बातमी. आज स्वेटर घातलाय. आज जरा बरे दिसले. आज खोकत होते. मी घरी आत्याबाईंना सांगायचे, त्या ऐकून घ्यायच्या आणि मामांना काही कळू द्यायच्या नाहीत. एवढा खटाटोप करून हा माणूस भावाला चोरून बघतोय, याचं मला हसूही यायचं आणि भरूनही यायचं. पण हे असं किती दिवस चालणार, ते मला कळत नव्हतं.

एका संध्याकाळी बाज रिकामी होती. मामांनी घाबरून ब्रेक दाबला. तेवढ्यात उजेडात रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभे असलेले भगवानराव दिसले. त्यांनी हात वर केला होता.

"पावनं, वालूरपोत न्याल का?" त्यांनी खिडकीशी वाकून विचारलं.

मामांनी मान वळवली नाही. "बसा," म्हणाले.

ते मागे बसले. हातात पिशवी नाही, काही नाही. या वेळेला आमच्या फाट्यापुढच्या वालूरला यांचं काय काम असावं, असं माझ्या डोक्यात आलंच. गाडी निघाली. थोड्या वेळाने मागून प्रश्न आला, की गाडी कुठली म्हणायची. मामांनी घसा खाकरला आणि आवाज जाड करून जिंतूरची असं सांगितलं. मी ओठ दाबून धरले.

"ह्या रस्त्यानं माझ्या धाकट्या भावाची गाडी यायची," भगवानराव म्हणाले. "एक लाइट पिवळा, एक फिका. दिसली की मी आत जायचो. तोंडातून शब्द गेल्ता, काय करावं?"

"मंग आता?" मामांचा जाड आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"आता ती गाडी दिसत न्हाई. तिचा आवाज तेवढा येतो रोज. पुलापसून वळखू येतो. माझ्या दारात आली की दुसऱ्या गेरवर येती, ह्याला इंजिनाची दया येत न्हाई." ते थोडं थांबले. "पर लाइट दुसऱ्याच गाडीचे हायेत. परक्याची गाडी बघून मी आत कशाला जाऊ?"

मामांनी गाडी कडेला घेतली आणि किल्लीकडे हात नेला.

"बंद करू नको, दिनू," मागून आवाज आला. "गाडी थांबली की मला उतरावं लागंल."

मामांनी हात मागे घेतला, गिअर टाकला. आमच्या गावाचा फाटा आला आणि गेला. मामा समोरच्या आरशात बघत होते आणि डोळे पुसत होते, आणि रस्ता बघायचं काम मी एकटी करत होते. वालूरही मागे पडलं.

फोन वाजला. आत्याबाई होत्या. एवढा उशीर का, कुठे निघालात, त्यांनी विचारलं. मी हळू आवाजात म्हणाले, की कुठे ते मलाही ठाऊक नाही, पण दोघं भाऊ एका गाडीत बसलेत.

मग त्या म्हणाल्या, "डिझेल हाय का पुरंल इतकं?"