कव्वाम

“कुरआन में मर्द को औरत का कव्वाम बोले. उसका माने सब हाकिम करते,” आलिमा आपा बोलत होत्या. “तफसीर की पुरानी किताबों में है भी वैसा. पन आजके कितनेक आलिम बोलते, लफ्ज की जड़ देखो. नमाज में खड़े रहते ना, कियाम? उसीच से निकला. कव्वाम याने घरवालों के वास्ते खड़ा रहनेवाला.”

दर्स, म्हणजे कुराणाचा अर्थ समजावणारी बायकांची बैठक, यावेळी आमच्या किराडपुऱ्यातल्या घरी होता. हॉलभर बायका. मी दाराशी बसले होते. एक कान आपांकडे, दुसरा आत झोपलेल्या हिबाच्या श्वासाकडे. माझ्या लेकीला दमा आहे. तिची छाती वाजायला लागली की मला भिंतीपलीकडूनही कळतं.

“हमारे वाले तो सोफे पे लेटे रहते,” शेजारच्या नफीसाखाला म्हणाल्या. “उन्को जाके बोलू क्या, उठो, खड़े रहो?”

सगळ्या हसल्या. सासूबाई, म्हणजे अम्मी, तेवढ्या हसल्या नाहीत. गुडघ्यांमुळे त्या नमाजही खुर्चीवर बसून पढतात. “तस्नीम, चाय रख,” एवढंच म्हणाल्या.

चहा उकळेपर्यंत मी तो शब्द मनात घोळवत राहिले. लग्नाआधी वैजापूरला मी कॉलेजात स्कूटीवर जायचे. इथंही खाली स्कूटी आहे. माझे शौहर इरशाद कंपनीच्या बसनं वाळूजला जातात. गाडी घरी राहते, चावी त्यांच्या खिशात. कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आणि न विचारता घरातली बाई बाहेर पडत नाही, रिक्षानंसुद्धा नाही. मागच्या वेळी हिबाला दम लागला तेव्हा मी तिला खांद्यावर घेऊन खिडकीत त्यांची वाट पाहत राहिले. तिचे ओठ निळे पडले होते. “एवढा उशीर का केला?” डॉक्टरांनी विचारलं, तेही माझ्याकडे बघून.

संध्याकाळी इरशाद जेवायला बसले तेव्हा मी आपांचं बोलणं सांगितलं. मन लावून ऐकलं त्यांनी. पोळीचा तुकडा हातातच राहिला.

“माशाअल्लाह! कित्ती अच्छी बात बोले आपा.”

मला धीर आला. “तो फिर चावी घर में रखते जाव ना. हिबा के वास्ते.”

“अरे! अब तो मेरी जिम्मेदारी और बढ़ गई ना?” ते हसले. हसण्यात खोट नव्हती, तेच अवघड होतं. “मैं खड़ा हूँ तो तू कायकू धक्के खाएगी रोड पे?”

“तुम वाळूज में खड़े रहते. दम उसको यहाँ लगता.”

त्यांनी हातातला तुकडा तोंडात घातला. मग म्हणाले, “अम्मी है ना घर में.”

अम्मी तेव्हा ओट्याशी उभ्या राहून उरलेलं सालन पोळीला लावून खात होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सकाळी निघताना इरशाद नेहमीसारखे दाराबाहेर थांबले. “कडी लगा अंदरसे.” मी कडी लावली. ती लागल्याचा आवाज ऐकूनच ते जिना उतरले.

दुपारी हिबाची छाती वाजायला लागली. पंप दिला, शिट्टी कमी होईना. फोन लावला. लॉकरमध्ये तो वाजत राहिला असेल. मी तिला खांद्यावर घेतलं आणि खिडकीशी गेले. खाली स्कूटी कव्हर घालून उभी होती.

मागं खुर्ची सरकली. अम्मी भिंतीला धरत, पाय ओढत माझ्यापर्यंत आल्या. हिबाला त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं आणि एका हातानं खिडकीचा गज पकडला.

“अम्मी, आपके घुटने...”

“तू बुरखा पहन,” त्या म्हणाल्या. “नीचे जाके रिक्षा रोक. मैं खड़ी हूँ.”

मी कडी काढली.

रिक्षा थांबवून वर पाहिलं. गजाआड अम्मी तशाच उभ्या होत्या, नमाजेत लोक उभे राहतात तशा, ताठ.