सामायिक वाहिनीवरची अकरा मिनिटं

माँटानातल्या डोंगरमाथ्यावर, टेहळणीच्या मनोऱ्यात, आर्डिस उन्हाळ्याचे चार महिने एकटीच असे. जंगलात धूर दिसला की रेडिओवर कळवायचं, एवढंच काम. ती वाहिनी वनखातं, अग्निशमन आणि पोलीस यांची सामायिक, खरं तर संकटासाठी राखलेली. पण पोलिसांची स्वतःची वाहिनी खोऱ्यात पोचत नसे, म्हणून ठाण्यातली लोरेटा रोजचा सगळा कारभार या वाहिनीवरूनच हाकायची. कुणाची गाय रस्त्यावर आली, कोण जेवायला गेलंय, सगळं. नियमात ते बसत नव्हतं, पण आर्डिसने कधी तक्रार केली नाही. नवरा गेल्यापासून तिच्या कानावर इतक्या माणसांचे आवाज कुठे पडले होते?

ऑगस्टातल्या एका दुपारी कोल नावाचा शिपाई मोकाट गायीमागे धावत होता आणि त्याची बायको इस्पितळात बाळंत होत होती.

"गाय आधी मर्लच्या कुंपणात घाल," लोरेटा म्हणाली. "फोन आला की सांगतेच."

"अगं, ही मलाच कुंपणात घालेल," कोलचा आवाज आला.

आर्डिसला हसू आलं, आणि त्याच वेळी पूर्वेच्या कड्याखाली धुराची रेघ दिसली. तीनदा 'थांबा' म्हटलं की सगळे गप्प होतात, ही तिथली जुनी रीत. तिने बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. मुलगा की मुलगी, एवढं कळू दे, मग सांगते, असं मनाशी म्हणत ती ऐकत राहिली.

अकरा मिनिटांनी धूर काळा झाला तेव्हा ती घाबरून बोलली. मग वाहिनीवर आगीशिवाय काही नव्हतं. कड्याखालचा मर्लचा मेंढवाडा बेचाळीस मेंढ्यांसकट जळाला.

चौथ्या दिवशी वनखात्याचा वेड नावाचा अधिकारी अहवालाचा कागद घेऊन धापा टाकत वर आला.

"पोलिसांची बडबड चालली होती म्हणून उशीर झाला, एवढंच लिहा. खात्याला त्यांना या वाहिनीवरून कधीचं हाकलायचंय."

आर्डिसने लिहिलं: वाहिनी गुंतलेली होती. मला बोलणं तोडता आलं असतं. मी ऐकत बसले.

"हे शेवटचं तुम्हाला विचारलंय कुणी?"

"मर्ल विचारेल."

"पुढच्या वर्षी मनोरा मिळायचा नाही."

"माहीत आहे."

पोलिसांना या वाहिनीवरून हटवलं गेलं. उरली ती रोज सकाळी नऊची मनोऱ्याची हजेरी, तीही ठाण्यातून लोरेटाच घ्यायची, मोजक्या शब्दांत. मूल झालं का, काय झालं, हे विचारायचं आर्डिसच्या जिभेवर यायचं. बेचाळीस मेंढ्या आठवल्या की ती गप्प बसायची. सप्टेंबरात मनोरा इतका शांत झाला की ती स्वतःशी मोठ्याने बोलू लागली.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी नऊ वाजले.

"पूर्व मनोरा?"

"धूर नाही."

नेहमी इथे खट्कन आवाज बंद व्हायचा. आज झाला नाही.

"मुलगी झाली, आर्डिस. त्याच दुपारी. तू बोललीस त्याच्या मिनिटभर आधी फोन आला होता. सांगणारच होते."

आर्डिसने बटण दाबलं. बोलायला महिन्याभराचं साठलं होतं, पण वाहिनी सगळ्यांची होती.

"नोंद घेतली," ती म्हणाली आणि बोट उचललं.